तास संपल्यावर लिहायचं काय? शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी चिंतन-ब्लॉगची सुरुवात

ब्लॉग उघडणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. नाव सुचतं, रंग ठरतो, पहिली नोंद ‘नमस्कार, मी अमुक’ अशी पडते, दुसरीत एखाद्या कार्यक्रमाचं वर्णन येतं, आणि तिसऱ्या नोंदीपाशी गाडी अडते. शिक्षकांचे पुष्कळ ब्लॉग इथेच थांबतात. विद्यार्थ्यांचे त्याही आधी, कारण त्यांना तो वेगळ्या नावाने आलेला गृहपाठच वाटतो.

इथे मी ज्या ब्लॉगबद्दल लिहितोय तो उपक्रमांच्या फोटोंचा किंवा बातम्यांचा नव्हे; आपल्याच शिकवण्या-शिकण्याकडे मागे वळून पाहायचा, म्हणजे चिंतनाचा. तसा हवा असेल तर तो वेगळा चालवा; दोन्ही एकाच ठिकाणी नकोत. जिथे शाबासकीची अपेक्षा असते तिथे माणूस आपलं अडलेलं लिहीत नाही, आणि चिंतनाला नेमकं अडलेलंच लागतं.

हे म्हणणं जुनं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये माणूस विचार कसा करतो यावर पुस्तक लिहिलं आणि १९३३ मध्ये ते सुधारून पुन्हा काढलं. त्यांच्या मते विचाराला सुरुवात होते ती कुठेतरी ठेच लागल्यावर. सगळं सुरळीत चालू असताना आपण सवयीवर चालतो. पुढे अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये एक उपयोगी फरक दाखवला: काम करता करता होणारा विचार वेगळा आणि काम उरकल्यावर त्याकडे पाहून केलेला विचार वेगळा. मुलांचे चेहरे बघून तुम्ही भर तासात उदाहरण बदलता, तो पहिला प्रकार. मुरलेल्या शिक्षकाकडे तो भरपूर असतो, पण तास संपला की विरून जातो. संध्याकाळी ‘मी तेव्हा उदाहरण का बदललं?’ असं लिहायला बसलात की तो हाती लागतो.

पहिली पायरी: ब्लॉग नकोच, समास पुरे

पहिले दोन-तीन आठवडे काहीही प्रकाशित करू नका. टाचणाच्या वहीत समास असतोच. तास चालू असताना किंवा संपल्या संपल्या तिथे दोन-चार शब्द टाका. काय टाकायचं? जिथे तुमचा अंदाज आणि प्रत्यक्ष घडलेलं यांत फट पडली ती जागा. १० मिनिटांचा उपक्रम २५ मिनिटं चालला. सोपा वाटलेला प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प. कधी न बोलणारा मुलगा आज आपणहून फळ्याशी आला. चांगलं घडलेलंही टिपा, कारण ते का जमलं हे सहसा कोणी शोधत नाही आणि मग पुढच्या वर्षी ते जमत नाही.

विद्यार्थ्यांसाठी याहून सोपं. वहीचं शेवटचं पान राखून ठेवायचं आणि तिथे पुस्तकाचा पान क्रमांक टाकून एवढंच: ‘इथे अडलो’, ‘इथे लख्ख कळलं’. या दोन प्रकारच्या खुणा पाच-दहा जमल्या की लिहायला विषय शोधावा लागत नाही.

दुसरी पायरी: एकच प्रसंग, तीन प्रश्न

चिंतनासाठी साचे भरपूर आहेत. ग्रॅहॅम गिब्ज यांचा १९८८ चा सहा टप्प्यांचा साचा (वर्णन, भावना, बरं-वाईट, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती) शिक्षक-प्रशिक्षणात सर्रास दिसतो. तो वाईट नाही, पण नवख्या माणसाच्या हाती पडला की तो फॉर्म होतो आणि फॉर्म भरून टाकले जातात. मी सुरुवातीला टेरी बोर्टन यांचे १९७० मधले तीन प्रश्न सुचवतो: काय घडलं? त्याचा अर्थ काय? आता काय करायचं? एवढ्यावर वर्ष निघतं.

पूर्ण तासावर मात्र लिहू नका. एक प्रसंग निवडा, शक्यतो दोन-तीन मिनिटांत मावणारा. अपूर्णांकांच्या तासावरची ही एक नमुन्याची नोंद पाहा:

‘आज अपूर्णांकांची बेरीज घेतली. मुलांनी उत्साहाने भाग घेतला. काही विद्यार्थ्यांना अजून सरावाची गरज आहे. पुढील तासाला आणखी उदाहरणे घेईन.’

खोटं यात काही नाही. पण ‘काही विद्यार्थी’ नेमके कुठे अडले, सराव कशाचा द्यायचा, हे लिहिणाऱ्यालाही कळलेलं नाही. ही नोंद महिन्याभराने वाचली तर तिच्यातून काहीही निघणार नाही. आता त्याच तासाबद्दल दुसरी:

‘१/२ + १/३ चं उत्तर पाच-सहा जणांनी २/५ काढलं. एकीला विचारलं, कसं केलंस गं? म्हणाली, “वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत.” अगदी ठामपणे. गुणाकार नुकताच झालाय, तिथे वरचा वरच्याशी आणि खालचा खालच्याशी असंच करतात; तो नियम इकडे चालत आलेला दिसतो. पण त्याहून मला लागलेली गोष्ट दुसरीच. २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर कमी झालं, हे कुणालाच खटकलं नाही. म्हणजे अडचण छेद समान करण्याची नसावी. २/५ ही एक संख्या आहे, ती कुठेतरी बसते, हेच डोळ्यांपुढे नसावं. उद्यापासून प्रत्येक बेरजेआधी एकच प्रश्न: उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान? संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवायचं, मगच आकडेमोड. शुक्रवारी २/५ सारखी उत्तरं किती येतात ते बघू.’

इथे मुलीचे नेमके शब्द आहेत, आणि माझ्या मते पूर्ण नोंदीत तेच सर्वांत मोलाचे. ‘तिला संकल्पना स्पष्ट नव्हती’ असं लिहिलं असतं तर तो आपला निकाल झाला असता. ‘वरचे वरच्यांत’ हा पुरावा आहे, त्यावरून दुसरा शिक्षक वेगळं अनुमानही काढू शकेल. असे शब्द संध्याकाळपर्यंत आठवत नाहीत, म्हणून समासात लगेच टिपायचे. दुसरं, ‘नसावी’, ‘दिसतो’ अशी क्रियापदं. कारण शोधताना ती वापरा, पुढे स्वतःचा अंदाज बदलायला जागा राहते. आणि शेवटी वार घातलाय. शुक्रवार आला की पुढची नोंद आपोआप तयार: किती जणांचं चुकलं, बोट ठेवण्याने फरक पडला का, नसेल तर अंदाज कुठे फसला. तिसऱ्या नोंदीला काय लिहू, हा प्रश्न असा सुटतो.

अशा एका नोंदीला पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. आठवड्याला एक. रोज लिहायचा संकल्प करू नका, तो मोडतो आणि मग संकल्पाबरोबर ब्लॉगही जातो.

नोंद किती खोल गेली हे पाहायचं असेल तर हॅटन आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या लेखनावरून केलेली विभागणी कामाची आहे. नुसतं वर्णन, कारण देणारं वर्णन, स्वतःशीच उलटसुलट बोलत दोन-तीन शक्यता तोलणं, आणि शाळा, समाज, भाषा, मुलांची परिस्थिती यांच्या संदर्भात आपलंच वागणं तपासणं. प्रत्येक नोंद चौथ्या पायरीवर जायला हवी, असं मुळीच नाही. वरची अपूर्णांकांची नोंद दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये आहे आणि तिथेच बरी आहे. फक्त सलग महिनाभर सगळ्याच नोंदी वर्णनावर थांबत असतील तर सावध व्हा.

विषय सुचत नसेल तर

महिन्याभरासाठी स्वतःबद्दलचा एकच प्रश्न धरा. सुरुवातीला मोजता येणारा असला तर उत्तम. उदाहरणार्थ, मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबतो? मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना दिसलं. तो वेळ ३ सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ किंवा नुसती शांतता कमी झाली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारू लागली. स्वतःच्या तासाचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण फोनवर करा (परवानगीनेच, आणि ऐकून झालं की पुसून टाका) आणि मोजा. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात; वर्गासमोर उभं असताना ते युगासारखे जातात. यावरच चार नोंदी होतील.

याच धर्तीवर: मी कुणाकुणाची नावं घेऊन प्रश्न विचारतो? मागच्या बाकांपर्यंत दिवसातून किती वेळा जातो? वही तपासताना चुकीच्या उत्तरापाशी काय लिहितो? प्रश्न जितका लहान, तितकं लिहिणं सोपं.

विद्यार्थी लिहितात तेव्हा

मुलांना ‘आजच्या तासाबद्दल तुमचे विचार लिहा’ असं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘आज प्रकाशसंश्लेषण शिकलो. खूप मजा आली. सर छान शिकवतात.’ मुलांचा दोष नाही. प्रश्नच असा आहे की त्याला दुसरं उत्तर संभवत नाही. ‘आधी मला काय वाटायचं, आता काय वाटतं’ ही सुरुवात हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रोजेक्ट झीरो या शिक्षण-संशोधन गटाने रूढ केली आहे. मी तिला तिसरा शब्द जोडायला सांगतो. आधी, आता, अजून. आधी मला वाटायचं की. आता मला वाटतं की. अजून मला कळलेलं नाही की.

आठवी-नववीतल्या मुलाची नोंद साधारण अशी येऊ शकते:

‘आधी मला वाटायचं झाड माती खाऊन मोठं होतं. म्हणून तर खत घालतात. मग फान हेल्मोंट नावाच्या जुन्या शास्त्रज्ञाचा प्रयोग वाचला. ५ पौंडांचं रोप ५ वर्षांत सुमारे १६९ पौंडांचं झालं आणि माती फक्त २ औंसांच्या आसपास कमी झाली. त्याला वाटलं सगळं पाण्यातून आलं. आता मला वाटतं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही मिळून झाड होतं. अजून मला हे कळत नाही की हवा इतकी हलकी, मग तिच्यापासून लाकूड इतकं जड कसं? आणि मग खत कशाला घालतात?’

शेवटचे दोन प्रश्न पाहा. पुढचे दोन तास कशावर घ्यायचे हे या मुलाने शिक्षकाला सांगून टाकलंय. ‘मजा आली’मधून हे कधीच कळलं नसतं.

वयानुसार लांबी बदला. तिसरी-चौथीची मुलं एक वाक्य आणि एक चित्र देतील, किंवा बोलतील आणि तुम्ही लिहून घ्याल. आठवीपुढे दीडशे-दोनशे शब्द पुरेत. आधी सगळ्यांसमोर एक नोंद तुम्ही स्वतः फळ्यावर लिहून दाखवा, तुम्हाला खरोखर न कळलेल्या गोष्टीबद्दल. शिक्षकालाही ‘अजून’ असतं हे दिसल्याशिवाय मुलं त्यांचं ‘अजून’ लिहीत नाहीत.

गुण देण्याबद्दल माझं मत ठाम आहे: आशयाला गुण नकोत. ‘मला हे समजलं नाही’ लिहिल्याने गुण जातील की मिळतील याचा अंदाज बांधत मूल लिहायला लागलं की ते चिंतन संपलं, अभिनय सुरू झाला. शाळेला नोंद लागतच असेल तर ‘लिहिलं / नाही लिहिलं’ एवढीच ठेवा. शुद्धलेखनासाठी लाल पेन चालवायचं तेही इथे नको. जी नोंद बाहेरच्या वाचकांसाठी जाणार आहे तिचंच, जाण्यापूर्वी, मुलाला बसवून संपादन करा.

तिसरी पायरी: जागा निवडणं

यात फार गुंतू नका. ब्लॉग चालवायच्या सेवांपैकी ब्लॉगर १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून, खास शाळांसाठीचं एडुब्लॉग्स २००५ पासून. तिन्हींवर फुकटात सुरुवात होते. शाळेकडे स्वतःची वर्गप्रणाली (वर्गाचं काम ऑनलाइन चालवायची सेवा) असेल तर मुलांसाठी तीच बरी, कारण खाती आणि परवानग्यांचं काम आधीच झालेलं असतं. निवडताना तीन गोष्टी पाहा: नोंद फक्त ठरावीक लोकांना दाखवता येते का, कमेंट आधी आपल्याकडे मंजुरीला येते का, आणि सगळा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो का. बाकी सजावट नंतर.

मराठीत टाइप करताना यूनिकोडच (कुठल्याही फोन-संगणकावर अक्षरं सारखीच दिसतील अशी पद्धत) वापरा. जुन्या फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर वाचकाला गिचमीड दिसते आणि शोधून सापडतही नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून लिहा. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं मागाहून नीट करावी लागतात, पण मुलीचं ते ‘वरचे वरच्यांत’ बोलताना जितकं जसंच्या तसं येतं तितकं लिहिताना येत नाही.

प्रत्येक नोंदीला दोन-तीन लेबलं लावा: विषय, इयत्ता, आणि अडचणीचं नाव (‘शांतता’, ‘गटकार्य’, ‘अंदाज फसला’). तिसरं लेबल सगळ्यांत कामाचं. त्याचा उपयोग शेवटी कळेल.

चौथी पायरी: कोण वाचणार, हे आधी ठरवा

मजकुराचे तीन कप्पे करा. पहिला फक्त स्वतःपुरता: राग, थकवा, सहकाऱ्यांशी झालेले खटके, एखाद्या मुलाच्या घरची परिस्थिती. हे लिहायला हवंच, पण ते ब्लॉगवर जात नाही, ‘खासगी’ सेटिंगमध्येसुद्धा नाही, वहीत राहतं. दुसरा कप्पा चार-पाच विश्वासू सहकाऱ्यांचा. तिसरा जगासाठी खुला.

नोंद दुसऱ्या कप्प्यातून तिसऱ्यात नेताना कसोटी एकच लावा: ज्या मुलाबद्दल लिहिलंय ते मूल, त्याचे आईवडील आणि मुख्याध्यापक हे तिघं उद्या वाचतील. चालेल? नाव बदलून भागत नाही. लहान वर्गात ‘शेवटच्या बाकावरचा चष्मेवाला मुलगा’ एवढ्यावर सगळ्यांना कळतं कोण ते. तपशील काढा, दोन प्रसंग एकत्र करा, किंवा ‘एक विद्यार्थी’ म्हणून थांबा. शिवाय प्रसंग आणि प्रकाशन यांत काही आठवडे जाऊ द्या. ताजी नोंद कोणाबद्दल आहे हे वर्गाला लगेच ओळखू येतं. जुनी येत नाही, आणि तोवर तुमचा सूरही निवळलेला असतो.

मुलांच्या ब्लॉगला शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या. त्यात काय प्रकाशित होणार, कोणाला दिसणार आणि किती काळ राहणार हे साध्या शब्दांत असू द्या. अनेक सेवा १३ वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र खातं उघडू देत नाहीत, आणि मुलांच्या माहितीबद्दलचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्याकडचा नियम शाळेच्या कार्यालयातून पक्का करून घ्या. मुलाने टोपणनावाने लिहावं. आडनाव, शाळेचा गणवेश, घराचा पत्ता सुचवणारं काहीही नको. फोटोची एक गोष्ट सहज निसटते: फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते ठिकाण साठलेलं असू शकतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करा. वहीच्या पानाचा फोटो टाकताना कोपऱ्यातलं नाव झाका. आणि ‘शोधयंत्रांना हा ब्लॉग दाखवू नका’ ही खूण म्हणजे कुलूप नव्हे. ती शोधयंत्रांना केलेली विनंती असते. पत्ता ज्याच्या हाती लागेल तो वाचू शकतो.

प्रतिसाद द्यायचे कसे

‘छान!’, ‘अप्रतिम’, ‘असेच लिहीत राहा’. यांनी लिहिणाऱ्याला बरं वाटतं आणि लिखाण जिथल्या तिथे राहतं. मुलांना प्रतिसाद द्यायला शिकवावं लागतं. पहिले काही दिवस एक अट घाला: नोंदीतलं एक वाक्य उचलायचं आणि त्यावर एक प्रश्न विचारायचा. ‘खत कशाला घालतात हे मलाही माहीत नाही. पण खत न घालता रानातली झाडं कशी वाढतात?’ असा प्रतिसाद आला की समजा वर्ग बोलायला लागला.

शिक्षकांच्या गटात उलट अडचण असते. कोणी अडलेलं लिहिलं की लगेच पाच उपाय येतात: ‘तुम्ही असं करून बघा.’ त्याने लिहिणारा हळूहळू गप्प होतो. उपाय मागितल्याशिवाय द्यायचा नाही, आधी ‘मग ती मुलगी काय म्हणाली?’ असं विचारायचं, एवढं गटात सुरुवातीलाच ठरवून घ्या. स्टीफन ब्रुकफिल्ड यांनी शिक्षकाने स्वतःकडे चार बाजूंनी पाहावं असं मांडलंय: स्वतःचा अनुभव, विद्यार्थ्यांची नजर, सहकाऱ्यांची नजर आणि अभ्यासकांचं लेखन. पहिली बाजू बहुतेकांची भरभक्कम असते. बाकीच्या तीन मुद्दाम गोळा कराव्या लागतात आणि प्रतिसादांचं खरं काम तेच.

पाचवी पायरी: जुन्या नोंदी वाचणं

लिहिण्यापेक्षा मला ही पायरी महत्त्वाची वाटते आणि हीच सगळ्यांत जास्त गाळली जाते. दोन-तीन महिन्यांनी, सत्राच्या शेवटी म्हणा, तासभर काढा. लेबलांच्या यादीत कोणतं नाव सर्वांत जास्त वेळा आलंय ते पाहा. ‘गटकार्य’ सात वेळा आणि प्रत्येक वेळी कारण मुलांचा गोंधळ असं लिहिलं असेल, तर सातही नोंदी शेजारी ठेवून वाचा: सूचना किती लांब होत्या? गट कोणी पाडले? काम एकट्याने उरकण्यासारखं होतं का? एकेका नोंदीत न दिसणारं इथे दिसतं. मग ‘बघू’, ‘करून पाहणार’ असे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे लिहा: केलं का? काय झालं? जुनी नोंद पुसू नका किंवा सुधारू नका. खाली तारीख टाकून भर घाला.

मुलांनाही हे जमतं, आणि आवडतं. जूनमधलं स्वतःचं ‘अजून’ डिसेंबरात वाचायला द्या आणि त्यातलं काय आता ‘आधी’मध्ये गेलं ते लिहायला सांगा. पालकसभेत प्रगतिपुस्तकाशेजारी हे पान ठेवलं तर बोलणं गुणांवरून लवकर पुढे सरकतं.

वर्ष संपताना वर्गाचा ब्लॉग तसाच उघडा सोडू नका. घेतलेली परवानगी त्या वर्षाची होती. सगळा मजकूर फाइलमध्ये उतरवून घ्या, प्रत्येक मुलाच्या नोंदी त्याला छापून किंवा फाइलमधून परत द्या, आणि ब्लॉग खासगी करा. एखादी नोंद पुढेही खुली ठेवावीशी वाटली तर त्या मुलाला आणि पालकांना नव्याने विचारा. मूल ‘नको’ म्हणालं तर कारण न विचारता ती काढून टाका.